‘अकरा नंबर त्रास देतोय’ असं म्हणण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव, गाव आणि रुग्णालयाची ओळख गाळली आहे)

वय २४. बी.एस्सी. नर्सिंग करून अडीच महिन्यांपूर्वी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुजू झाले. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड मिळाला. खाटा ४०, पेशंट ५८, उरलेले जमिनीवर गाद्या टाकून. इव्हिनिंग ड्यूटीला आम्ही दोघीच. परवाचा दिवस असा गेला. अकरा नंबरचे आजोबा, वय ७४, लघवीच्या इन्फेक्शनसाठी आलेले. दुपारी मला ‘पोरी’ म्हणत होते, दिवेलागणीला कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवलेली नळी) उपटून ‘मला विष देतेस’ म्हणून आईबहिणीवरून शिव्या देऊ लागले. एकोणीस नंबरला दारूची सवय आणि कावीळ. भरती होऊन तिसरा दिवस, भिंतीवर नसलेले किडे झाडत होता, उठून पळायला लागला, तेव्हा वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉयनी) हात बांधले. बत्तीस नंबरच्या पुतण्याने सलाईन संपल्यावर मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, ‘बघा, सिस्टरला गप्पांतून वेळ नाही.’ सात नंबरला डेंग्यूचा एक तरुण आहे. बीपी घेताना तो हात धरून ठेवतो, फोन नंबर मागतो. शेवटी मी आजोबांवर ओरडले, ‘गप्प पडून राहा, नाहीतर तुम्हालाही बांधीन.’ त्यांचा मुलगा बघत होता. ट्रीटमेंट रूममध्ये जाऊन रडले. सीनियर म्हणाल्या, ‘कातडी जाड कर, सवय होईल.’ आई म्हणते, ‘सोड, लग्नाचं बघू.’ मी या कामासाठी बनलेच नाही का? नोकरी सोडू, की निगरगट्ट होऊ?

प्रिय सिस्टर,

तुझ्या पत्रात चार माणसं एकाच नावाखाली आली आहेत, ‘त्रासदायक पेशंट’. वॉर्डातली भाषाच तशी असते. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देताना आपण पटकन म्हणतो, ‘अकरा त्रास देतोय, एकोणीसकडे लक्ष ठेव, बत्तीसचे नातेवाईक कटकटे आहेत.’ पण नीट बघ. एकाचा मेंदू इन्फेक्शनने गोंधळलाय, दुसऱ्याचं शरीर दारू तुटल्यामुळे बिघडलंय, तिसरा घाबरलाय आणि चौथा सरळ गैरवागतोय. या चौघांवर तू एकच इलाज शोधते आहेस, सहन करण्याचा. सीनियर बाईंनी सांगितलेली जाड कातडी म्हणजे तरी दुसरं काय? मी बरीच वर्षं परिसेविका म्हणून वॉर्ड सांभाळला आहे आणि मला ही जाड कातडी धोक्याची वाटते. तुझ्यासाठी तर आहेच, पेशंटसाठी त्याहून जास्त.

आजोबांपासून सुरुवात करते, कारण तुझं मन तिथेच अडकलंय. दुपारी ‘पोरी’ म्हणणारा माणूस चार तासांत विषाची भाषा करू लागतो, तेव्हा त्याचा स्वभाव पालटलेला नसतो. म्हाताऱ्या माणसाला ताप, इन्फेक्शन, ऑक्सिजन कमी होणं, सोडियम उतरणं यातलं काहीही झालं की मेंदू भ्रमात जातो. गावाकडे ‘म्हातारा वातात बडबडतोय’ म्हणतात, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. तो दिवसभर सारखा राहत नाही, कमीजास्त होतो, आणि अंधार पडू लागला की बहुतेक वेळा वाढतो. त्या घडीला आजोबांच्या दृष्टीने तू खरोखरच सुई घेऊन आलेली अनोळखी बाई होतीस. शिव्या त्या भीतीने दिल्या होत्या.

म्हणून शिव्या ऐकू आल्या की पहिलं काम बीपी, नाडी, ताप, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) आणि ग्लुकोमीटरवर शुगर. घरून शुगरची गोळी चालू आहे आणि इथे येऊन जेवण दोन घासांवर आलंय, असे आजोबा आपल्याकडे रोज येतात. शुगर ७०च्या खाली गेली की चिडचिड, घाम, थरथर, असंबद्ध बोलणं हे सगळं दिसू शकतं, आणि लोक म्हणतात म्हातारा चळलाय. मग बेंबीखाली हात ठेवून बघ, पोट टणक लागतंय का. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लावली असेल तर ती पिळवटलेली नाही ना, युरोबॅगेत लघवी उतरतेय ना. तुंबलेल्या लघवीने माणूस किती बेभान होतो, हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही. शौचाला कधी झालं होतं? कुठे दुखतंय का? काल कुठली नवी गोळी सुरू झाली? एवढं पाहून झालं की डॉक्टरांना फोन कर. फोनवर ‘अकरा नंबर त्रास देतोय’ असं सांगितलंस तर पलीकडून ‘झोपेचं काहीतरी देऊन टाका’ असं उत्तर यायची शक्यता मोठी, आणि झोपेच्या औषधाने अशा भ्रमात पुष्कळदा भरच पडते. त्याऐवजी म्हण, ‘दुपारी दोनला नीट ओळखत होते, सहापासून मुलाला ओळखत नाहीत, ताप १०१, शुगर इतकी, चार तासांत लघवी नाही.’ असा फोन आल्यावर डॉक्टर येतात. नाही आले, तर केस पेपरवर वेळ घालून नोंद कर आणि इन्चार्ज सिस्टरांना कळव.

आता वागण्याचं. समोरून जा, मागून किंवा पायाकडून हात लावू नकोस. चष्मा कुठे आहे ते विचार. बहुतेक वेळा तो घरी तरी राहिलेला असतो किंवा पिशवीच्या तळाशी तरी सापडतो. चष्मा नाही, कवळी नाही, कानातलं मशीन नाही, अशा माणसाला वॉर्डातलं काय कळणार? आजोबांना त्यांच्या हाकेच्या नावाने बोलव. ‘आजोबा, तुम्ही दवाखान्यात आहात, मी इथली सिस्टर, हा तुमचा मुलगा बसलाय.’ विष दिलं की नाही यावर वाद घालू नकोस, ‘भीती वाटतेय ना’ एवढंच म्हण. मुलाला रात्रभर हाताजवळ बसू दे, आणि पास संपला म्हणून गार्ड त्याला बाहेर काढणार असेल तर तू मध्ये बोल. नवीन कॅन्युला लावलीस की वरून बँडेज गुंडाळून सदऱ्याची बाही खाली ओढून घे. डोळ्यांसमोर दिसलं नाही तर उपटायचं सुचतही नाही.

आणि एक गोष्ट, जी शाळेत शिकवतात पण वॉर्डात विसरली जाते. भ्रमातला प्रत्येक पेशंट आरडाओरडा करत नाही. कित्येक जण गप्प होतात. काल बोलणारे काका आज भिंतीकडे तोंड करून पडलेत, जेवण तसंच, हाक मारली की उशिराने ‘हं’ म्हणतात. वॉर्ड त्यांना ‘गरीब पेशंट, काही त्रास नाही’ म्हणतो. हा गप्प भ्रमच जास्त वेळा नजरेतून सुटतो. निगरगट्ट होण्याविरुद्ध माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. जिने ओरडणाऱ्याकडे दुर्लक्ष करायची सवय लावून घेतली, तिला गप्प पडलेला कसा दिसेल? परवा आजोबांचं बदललेलं वागणं तुला बोचलं, कारण तुझ्या लक्षात आलं होतं की काहीतरी बिनसलंय. फक्त ते तुला तुझा अपमान वाटला. तीच बाब पुढच्या वेळी केस पेपरवर लक्षण म्हणून लिही.

एकोणीस नंबरचं प्रकरण वरून सारखंच दिसतं, पण आतून उलटं आहे. रोज पिणाऱ्याची दारू भरती झाल्यावर एकदम तुटते. सहा-आठ तासांनी हात थरथरतात, घाम येतो, नाडी वाढते. झटके आलेच तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास किडे, साप, पोलीस दिसायला लागतात. तुझा पेशंट बरोबर तिसऱ्या दिवशी किडे झाडत होता. यात माणूस दगावू शकतो. आजोबांचा भ्रम ज्या जातीच्या झोपेच्या गोळ्यांनी वाढतो, त्याच जातीच्या औषधांनी दारू तुटलेल्याचा जीव वाचतो. पण त्याला कावीळही आहे. लिव्हर थकल्यामुळे होणारा भ्रम असेल, दिवसा झोप, रात्री जागरण, पुढे पसरलेले हात फडफडणं, शौचाला न होणं, तर तिथे झोपेची औषधं जपूनच द्यावी लागतात. हा निर्णय डॉक्टरांचा. पण तो निर्णय ज्या माहितीवर होतो ती तुझ्याकडे असते, कारण तू पलंगापाशी आहेस. म्हणून भरती होतानाच बायकोला बाजूला घेऊन विचार, शेवटची कधी घेतली, रोज किती घेतात. भरल्या वॉर्डात सासऱ्यांसमोर विचारशील तर ‘कधीमधी’ असंच उत्तर मिळेल. ग्लुकोजची सलाईन लावायची असेल तर व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन आधी द्यायचंय का, हेही विचार. असं विचारणारी नवी सिस्टर डॉक्टरांच्या लक्षात राहते.

हात बांधण्याबद्दल मी स्पष्ट सांगते. डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरशिवाय मामांनी बांधायचं नाही आणि तू बांधू द्यायचं नाही. ऑर्डर असली तरी तो शेवटचा उपाय. बांधल्यावर बोटांचा रंग, गारठा, सूज पुन्हा पुन्हा बघायची, पाणी आणि लघवीला विचारायचं आणि शक्य तितक्या लवकर सोडायचं. अशा पेशंटकडे एकटी जाऊ नकोस. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात ठेव, इंजेक्शनचा ट्रे त्याच्या हाताला लागेल असा ठेवू नकोस, आणि उभी राहशील ती दाराच्या बाजूला.

आता तू ओरडलीस त्याबद्दल. ‘असू दे, होतं असं’ म्हणून मी सोडून देणार नाही. घाबरलेल्या माणसाला बांधण्याची धमकी दिली की त्याची भीती खरी ठरते, आणि रात्र आणखी वाईट जाते. पण यावरून तू या कामासाठी बनली नाहीस हा निष्कर्ष मला मान्य नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स असा आहे, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. तुम्ही दोघी ५८ पेशंटच्या मागे पळत होतात. इतक्या कामात संध्याकाळी सात वाजता आवाज चढला, तर तो नुसता स्वभावाचा दोष म्हणता येईल का? चांगल्या सिस्टरला राग येतच नाही, हे कुणी पसरवलं मला ठाऊक नाही, पण माझ्यासोबत काम केलेल्या उत्तमातल्या उत्तम बायकांना राग यायचा. फरक एवढाच की राग चढतोय हे कळल्यावर त्या पलंग सोडायच्या. जोडीदारणीला म्हणायच्या, ‘अकराला तू बघ, मी तुझे तेवीस-चोवीस करते.’ ही अदलाबदल लाजेची गोष्ट नाही. तुम्ही दोघी आधीच एक खूण ठरवून ठेवा. आणि आजोबांच्या मुलाला गाठून सरळ म्हण, ‘दादा, त्या दिवशी मी आजोबांवर ओरडले, ते चुकलं. आता त्यांना असं का होतंय ते सांगते.’ माफीपेक्षा पुढचं वाक्य त्याच्या जास्त उपयोगाचं आहे. बाप वेडा झाला असं समजून तो बिचारा वेगळ्याच काळजीत असेल.

पुतण्याकडे येते. मोबाइल हिसकावू नकोस, त्यावर हात टाकू नकोस. ‘शूटिंगमध्ये बाकीचे आजारी लोक येताहेत, बंद करा, आणि तुम्हाला काय विचारायचंय ते मला विचारा,’ एवढं मोठ्याने म्हण आणि इन्चार्जना बोलव. पण तो एवढा चिडला कशावर? बाटली रिकामी झाली की हवा अंगात जाऊन माणूस मरतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. साध्या लटकवलेल्या सलाईनमध्ये बाटली संपल्यावर बहुधा नळीतलं पाणी एका उंचीवर थांबतं, रक्त थोडं मागे येतं आणि सुई गोठून बंद पडते. म्हणजे त्रास आहे, पण त्याला वाटतो तो नाही. तो त्या क्षणी काका मरतोय असं समजून ओरडत होता. सलाईन लावतानाच बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिही आणि नातेवाइकाला सांग, ‘साडेपाचला संपेल, पाणी या रेघेला आलं की मला हाक मारा, हवेने काही होणार नाही.’ अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि तुझ्या निम्म्या भांडणांना ते पुरेल असं मला मनापासून वाटतं.

नातेवाइकांच्या रागामागे बहुतेक वेळा न मिळालेली माहिती असते. राउंड येतो, दहा जण पलंगाभोवती इंग्रजीत बोलतात आणि जातात. उरतो तो माणूस, हातात बाहेरून आणायच्या औषधांची चिठ्ठी, बुडालेली मजुरी आणि न कळलेलं निदान घेऊन. समोर दिवसभर दिसते फक्त सिस्टर, मग तो तुझ्यावर फुटतो. ड्यूटीवर आलीस की प्रत्येक पलंगापाशी नाव सांग, ‘मी अमुक, रात्री आठपर्यंत मी आहे.’ ‘ए बाई’ आपोआप कमी होतं. निदान समजावणं डॉक्टरांचं काम, पण ‘डॉक्टर उद्या नऊच्या राउंडला येतील, तेव्हा हे दोन प्रश्न विचारा’ हे तू सांगू शकतेस. पैशांची अडचण दिसली तर समाजसेवा अधीक्षकांकडे पाठव, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिथे लागू असेल तर आरोग्यमित्राकडे, म्हणजे त्या योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाकडे पाठव. कुठे जायचं हे कळलं तरी माणसाचा आवाज खाली येतो.

तरीही कुणी अंगावर आलं, धक्काबुक्की केली, तर तिथे समजूतदारपणा थांबतो. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, त्यात नर्स येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड पन्नास हजारांपर्यंत. गार्डला बोलव, वॉर्डातून बाहेर पड, आणि तक्रार रुग्णालयाने करावी असा आग्रह धर.

सात नंबरबद्दल तू पत्रात दोनच वाक्यं लिहिलीस. मला ती दोन वाक्यं सगळ्यात जास्त खटकली. हा आजार नाही. डेंग्यूने कुणी सिस्टरचा हात धरून ठेवत नाही. तो शुद्धीत आहे, इतर वेळी नीट बोलतो, आणि तू नवी आहेस हे त्याने ओळखलंय. सेवेच्या नावाखाली हे सोसायचं असतं असं कुणी सांगितलं असेल तर ते साफ चूक आहे. पुढच्या वेळी हात काढून घे आणि शेजारच्या चार पलंगांना ऐकू जाईल असं म्हण, ‘हात लावायचा नाही. बीपीपुरता हात सरळ ठेवा.’ हसू नकोस, कारण देऊ नकोस. त्याच ड्यूटीत इन्चार्ज सिस्टरांना तारीख, वेळ, पलंग क्रमांक घालून लेखी दे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव. त्याची कामं ब्रदरकडे (पुरुष नर्सकडे) द्यावीत असं माग. उपचार थांबणार नाहीत, फक्त ते करणारा माणूस बदलेल. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सहकाऱ्यांपुरता नाही. कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून तुला सुरक्षित ठेवणं ही संस्थेची जबाबदारी त्यात लिहिलेली आहे. अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते. तुमच्या रुग्णालयात समितीत कोण आहे त्यांची नावं आजच बघून ठेव.

हे वाचणाऱ्या परिसेविका आणि मेट्रन मॅडमनाही मला हात जोडून सांगायचंय. नव्या मुलीने असं काही सांगितलं तर ‘दुर्लक्ष कर’ म्हणू नका. पुढच्या वेळी ती तुम्हाला काहीच सांगणार नाही, आणि वॉर्डात काय चाललंय ते तुम्हाला कळायचं बंद होईल.

राहिला तुझा प्रश्न, सोडायचं का. सलग नाइट झाल्यानंतर किंवा रडून आल्यावर हा निर्णय घेऊ नकोस. आईला सांग की सहा महिने दे. तिची काळजी खोटी नाही, मुलीला रात्रीच्या एसटीने ये-जा करताना पाहणारी कुठलीही आई असंच म्हणेल. तिला एकदा वॉर्डाच्या दारापर्यंत घेऊन ये, तुझी जोडीदारीण दाखव, रात्री कोण कोण असतं ते दाखव. लग्नासाठी येणाऱ्या स्थळाला नाइट ड्यूटी चालत नसेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

सहा महिन्यांनी मेडिसिन वॉर्ड नकोसाच वाटला तरी नर्सिंग संपत नाही. ऑपरेशन थिएटरचं काम वेगळं, नवजात बालकांच्या विभागाचं वेगळं, आणि तुझ्यासारख्या बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही जाता येतं. वॉर्ड बदलून मागताना ‘मला झेपत नाही’ असं लिहू नकोस. सात नंबरचा लेखी अहवाल, ड्यूटीवरची पेशंटसंख्या आणि नर्सेसची संख्या अर्जाला जोड आणि लिही की या परिस्थितीत मला अनुभवी सिस्टरसोबत ड्यूटी मिळावी किंवा बदल मिळावा. इन्चार्जकडून आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर तोच अर्ज अधिसेविका (मेट्रन) कार्यालयात आवक क्रमांक घेऊन दे.